यादी कोणाच्या डोक्यात? नाशिकच्या एका घरातली दिवाळी

हे प्रकरण २०२४ च्या सणासुदीचं आहे. मी नाशिकमध्ये कौटुंबिक समुपदेशन करते. घरातल्या सगळ्यांच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांच्यापासून हे सुरू झालं त्यांना इथे वहिनी म्हणते. धाकट्या दिरापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना तशीच हाक मारतात.

वहिनींचं वय ४२. इंदिरानगरला फ्लॅट. घरात नवरा, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. नवरा सातपूरला नोकरीला, वहिनी अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळतात. निफाड तालुक्यात घरची द्राक्षबाग आहे, ती दीर आणि जाऊ बघतात. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की वहिनींचे यजमान शनिवार-रविवार गावी जातात. बागेत छाटणी पुढे ढकलता येत नाही, त्यात पाऊस आला तर डावण्या या बुरशीच्या रोगाची धास्ती, त्यामुळे त्यांच्या जाण्याला घरात कुणी हरकत घेत नाही. वहिनींच्या ऑफिसातही हेच दिवस जड. बोनसचा कायदा वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत देतो, म्हणजे मार्चअखेरचा हिशेब असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत. पण दिवाळीनंतर बोनस दिलेला कोणत्या कामगाराला चालेल? त्यामुळे ऑक्टोबरात बोनसची शीट, जीएसटीचं रिटर्न आणि दिवाळीआधी करायचा पगार, सगळं एकाच टेबलावर येऊन पडतं.

त्या वर्षीचं कॅलेंडर समोर ठेवा. ७ सप्टेंबरला गणपती बसले, १७ ला विसर्जन. लगेच पितृपक्ष, त्यात सासऱ्यांचं श्राद्ध. ३ ऑक्टोबरला घट बसले, १२ ला दसरा, १६ ला कोजागिरी, २८ ला वसुबारस, ३ नोव्हेंबरला भाऊबीज. आठ आठवड्यांत घराला उसंत अशी मिळतच नाही. प्रत्येक सणाचं साहित्य वेगळं, नैवेद्य वेगळा, पाहुणे वेगळे. मुलांच्या सत्र परीक्षाही याच दिवसांत.

वहिनी माझ्याकडे आल्या त्या एका साध्या प्रसंगामुळे. ऑक्टोबरातला एक शनिवार. ऑफिस अर्ध्या दिवसाचं होतं, म्हणून परस्पर मेन रोडला गेल्या. कपडे घेतले, भांडी बाजारात एक पितळी निरांजन घेतलं, रविवार कारंजाच्या गर्दीतून गाडी काढत घरी आल्या, पिशव्या रिकाम्या केल्या आणि कणीक मळायला घेतली. साडेआठला मुलीचा फोन आला. ती कॉलेज रोडला क्लासच्या दाराशी उभी होती. तिला येताना घेऊन यायचं सकाळीच ठरलं होतं. वहिनी घाबरून माफी मागायला लागल्या, तर पोरगी म्हणाली, "असू दे गं आई, तू कामात असशील."

"ती चिडली असती तर बरं झालं असतं ताई," वहिनी मला म्हणाल्या. "तिला सवय झालीय. ते मला लागलं."

डोकेदुखी आणि झोपेच्या तक्रारीसाठी त्या आधीच घरच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. रक्तदाब, थायरॉइड, रक्त सगळं ठीक होतं. हे मुद्दाम नोंदवते. सणाची दगदग म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्या बायका मी खूप पाहते, आणि तपासणी आधी झालीच पाहिजे. जेवणाच्या पहिल्या घासानंतर ताटात काय होतं ते त्यांना आठवत नसे. पहाटे साडेतीनला जाग यायची आणि पहिला विचार असायचा तो नणंदेच्या साडीचा.

उपाय म्हणून त्यांनी मोबाइलवर ध्यानाचं एक अ‍ॅप घेतलं होतं. रोज रात्री दहा मिनिटं. चार दिवस जमलं, पाचव्या दिवशी राहून गेलं. मग रोज रात्री अंथरुणात पडल्यावर आठवायचं की आज ध्यानही राहिलं. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. डोक्यात आधीच कामांची रांग असलेल्या बाईला 'मन शांत ठेव' सांगितलं तर ते रांगेतलं आणखी एक काम होतं. चित्त एका जागी बसवायचं असेल तर आधी रांग हलकी करावी लागते, आणि ती एकटीने हलकी होत नाही. या घरात आम्ही क्रम असाच ठेवला: आधी घर, मग मन.

यादी

पहिल्या भेटीत मी त्यांना एवढंच करायला सांगितलं की भाऊबीजेपर्यंतचं जे जे डोक्यात आहे ते कागदावर उतरवा. मोठं-छोटं करू नका. दोन फुलस्केप पानं दोन्ही बाजूंनी भरली, तरी त्या थांबेनात.

कामांच्या संख्येपेक्षा त्यांच्या पोटातल्या कामांनी मला थांबवलं. 'भाऊबीज' हा एक शब्द घ्या. नणंदेला साडी. ती गेल्या वर्षीच्या रंगाची नको, जावेच्या साडीपेक्षा फार भारी नको आणि फार हलकीही नको. ब्लाउज पीस आत आहे का. नणंदेच्या मुलांची मापं, आणि ती विचारायची कुणाला, कारण नणंदेला विचारलं तर ती 'काही नको गं' म्हणणार. जेवणात गोड काय, कारण नणंदेच्या यजमानांना साखर आहे. सगळे बागेवर जेवणार की नाशिकला. आणि या सगळ्यात स्वतःच्या भावाकडे सिन्नरला कधी जायचं. ओवाळायला दहा मिनिटं लागतात. हा विचार तीन आठवडे चालतो.

अ‍ॅलिसन डेमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ च्या संशोधनात घरकामाच्या या न दिसणाऱ्या भागाचे चार टप्पे मांडले आहेत: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. निर्णय बऱ्याचदा नवरा-बायको मिळून घेतात. ओळखणं आणि नजर ठेवणं मात्र बहुतेक बाईकडेच राहतं, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आला, पुरुषांचा ९७. हे मोजलेलं काम हातांचं. नणंदेच्या साडीसाठी पहाटे साडेतीनला जागलेली मिनिटं कुठल्या रकान्यात जातात?

अपुरं काम डोक्यात का घोळत राहतं, यावरही जुना अभ्यास आहे. मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांना १९२७ च्या प्रयोगांत दिसलं की मध्येच तुटलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पुढे २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या प्रयोगांत असं आढळलं की काम पूर्ण झालं नाही तरी ते कधी, कुठे, कसं करायचं हे पक्कं ठरलं, की त्याचे मध्येमध्ये घुसणारे विचार ओसरतात. वहिनींच्या बाबतीत मला त्यात एक भर घालावीशी वाटते. 'कोण करणार' हे ठरलं नाही तर बाकीचं ठरून काही उपयोग नाही. जिथे 'कोण' लिहिलेलं नाही तिथे घरातली बाई मनातल्या मनात स्वतःचं नाव घालते.

घरातली बैठक

२० ऑक्टोबरच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. यजमानांनी त्या आठवड्यात गावी जाणं टाळलं होतं. यादी टीपॉयवर ठेवली. ते शांतपणे वाचत गेले, आणि दुसऱ्या पानावर म्हणाले, "ताई, मी कधी कुठल्या कामाला नाही म्हटलंय का? सांगितलं की करतो."

वहिनी म्हणाल्या, "अहो, सांगायलाच तर दमते मी."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग सासूबाई बोलल्या. मला वाटलं होतं त्या सुनेच्या बाजूने नसतील. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी अठरा माणसांचा फराळ व्हायचा. पण भाजणीला आम्ही चौघी असायचो. एक भाजायची, एक पाखडायची, एक गिरणीत जायची. आणि कारखान्यात कुणी जात नव्हतं."

आजींच्या या वाक्यावर मी नंतर खूप विचार केला. आपल्या सणांचा पसारा वाड्यातल्या, मळ्यातल्या भरल्या घराने घडवलेला आहे. पंचवटीतला, जुन्या नाशकातला वाडा असो की निफाडकडचं शेतातलं घर, तिथे हात पुष्कळ होते. हात कमी झाले, दोन हात नोकरीलाही लागले, आणि पसारा तेवढाच राहिला. वर ऑफिसच्या भेटवस्तू, सोसायटीचे कार्यक्रम, फोटो आणि शुभेच्छांचे मेसेज यांची भर पडली. पूर्वीच्या बायकांना त्रास नव्हता असं मी म्हणणार नाही. पण आजींनी एका वाक्यात जे सांगितलं त्याने सून 'कमी पडते' हा समज त्या घरातून गेला.

मग वाटणी झाली. नियम एकच ठेवला: काम घ्यायचं ते आठवण्यासकट घ्यायचं. यजमानांनी किराणा, साफसफाई आणि लक्ष्मीपूजनाचं साहित्य घेतलं. म्हणजे लाह्या-बत्तासे संपलेत हे त्यांनीच ओळखायचं, त्यांनीच आणायचं, कुणी विचारणार नाही. नणंदेची साडी आणि मुलांची मापं हेही त्यांच्याकडे गेलं. "बहीण माझी आहे," ते म्हणाले, आणि वहिनींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं. मुलीकडे आकाशकंदील आणि रांगोळी, दहावीचं वर्ष म्हणून बाकी काही नाही.

फराळावर सगळ्यात जास्त वेळ गेला. चिवडा आणि शेव विकतची आणायला आजी लगेच तयार झाल्या. नाशिकचा चिवडा लोक परगावी घेऊन जातात, त्यात कमीपणा कसला. चकलीवर बराच खल झाला. शेवटी बचत गटाच्या बायकांकडून चकल्या घ्यायचं ठरलं, पण आजी नमुना चाखून बघतील या अटीवर. करंज्या थोड्याच. अनारसे मात्र विकतचे घरात येणार नाहीत, हे त्यांनी ठामपणे सांगितलं आणि मला ते मनापासून पटलं. सावकाश सण करायचा म्हणजे सगळंच आऊटसोर्स करायचं असं नाही. ज्यात जीव आहे ते एक ठेवावं आणि ते नीट करावं.

आणखी एक गोष्ट कॅलेंडरनेच हातात दिली. त्या वर्षी २९ ला धनत्रयोदशी आणि ३१ ला नरक चतुर्दशी होती. मधला ३० ऑक्टोबरचा बुधवार भाकड दिवस. वहिनींच्या यादीत त्या दिवसापुढे सगळ्यात जास्त कामं लिहिलेली होती, 'रिकामा आहे' म्हणून. आम्ही ती सगळी खोडली. कारखान्याची सुट्टी तशी ३१ पासून होती. वहिनींनी बुधवारची रजा टाकली. नातेवाइकांकडे फराळाला जाण्याची घाईही सोडली. तुळशीचं लग्न १३ नोव्हेंबरला सुरू होत होतं, त्रिपुरी पौर्णिमा १५ ला. तोवर कुणाकडेही गेलं तरी ती दिवाळीचीच भेट असते.

एक बेदाणा, एक अनारसा

वाटणी झाल्यावरच मी सजगतेच्या, म्हणजे लक्ष देण्याच्या सरावाकडे वळले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये ताणावरचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यात सुरुवातीला एक बेदाणा खायला देतात. तो हातात घ्यायचा, बघायचा, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, मग चावायचा. द्राक्षांच्या जिल्ह्यात बसून मी तो सराव शिकवते याचा मला आनंद होतो. वहिनींकडे जावेने पाठवलेले बेदाणे होते. एक बेदाणा खायला त्यांना पाच मिनिटं लागली. म्हणाल्या, "याला देठाची एवढीशी काडी असते. आमच्याच भागातला बेदाणा, आणि मी ती कधी बघितलीच नव्हती."

तसं पाहिलं तर आपल्याला हे शिकायला लांब जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं भरतात. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहणं. पण ऑक्टोबरात दहा दिवस मौनात बसणं वहिनींना शक्य नव्हतं, आणि अ‍ॅपचा अनुभव ताजा होता. म्हणून वेगळं बसायचंच नाही असं ठरलं. हात जे आधीच करत आहेत त्यातलं एक काम निवडायचं आणि तेवढा वेळ दुसरं काही करायचं नाही. मन पळालं की परत आणायचं. पळालं म्हणून स्वतःला बोलायचं नाही.

काम निवडलं अनारशांचं, कारण अनारसा घाई करूच देत नाही. त्याच रविवारी रात्री आजींनी तांदूळ भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, ते काम नातवाकडे. बुधवारी तांदूळ निथळून पंच्यावर पसरले, दमट असतानाच वाटले, चाळले, गूळ घालून गोळा डब्यात मुरत ठेवला. २७ च्या रविवारी दुपारी तळायला बसल्या. फोन बेडरूमच्या कपाटात. आजी ओट्याशी खुर्ची घेऊन खसखशीवर अनारसे थापत होत्या, वहिनी कढईपाशी.

पहिला अनारसा तुपात पडला आणि हसला. कडा सुटून सगळीकडे पसरला. आजींनी गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मिसळली. दुसरा टिकला. खसखशीची बाजू वर, गॅस मंद, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. आधी कडेला बुडबुडे, मग मध्ये बारीक छिद्रं, मग सोनेरी जाळी. एका वेळी एकच. काढला की चाळणीत तिरपा उभा करायचा, म्हणजे तूप निथळतं.

वहिनींनी मला नंतर सविस्तर सांगितलं. पहिल्या काही अनारशांना मन बोनसच्या शीटकडे जात होतं. एकदा तर कढईतला अनारसा करपेपर्यंत त्या मनाने अंबडला होत्या. मग त्यांनी खूण धरली: झाऱ्यातून तूप पडतं तो आवाज ऐकायचा. आवाज ऐकू येत असेल तर मी इथे आहे. मध्येच आजी त्यांच्या सासूच्या अनारशांची गोष्ट सांगायला लागल्या. ती गोष्ट वहिनींनी याआधी अनेकदा ऐकली होती. "पण शेवटपर्यंत ऐकली ती या वेळी. त्यांची सासू पीठ कुलपात ठेवायची, हे मला माहीतच नव्हतं."

ऑफिसातही त्यांनी याच रीतीने एक बदल केला. बोनसची शीट उघडली की मेल बंद. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं आहे की एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की पहिल्याचा काही अंश डोक्यात रेंगाळतो आणि दुसरं काम बिघडतं. कारखान्यात हे साहेबांना समजावणं सोपं नसतं. वहिनींनी फक्त एवढं मागितलं की बोनस आणि पगार एकाच दिवशी काढू नयेत. ते मान्य झालं.

जिथे अडलं

सगळं सुरळीत झालं नाही. २६ च्या शनिवारी यजमानांना बागेवर जावं लागलं आणि किराणा राहिला. धनत्रयोदशीच्या रात्री घरात उटणं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ते दहा वाजता मेन रोडला गेले, शालिमारपाशी गाडी लावायला जागा मिळेना, घरी यायला बारा वाजले. वहिनींना ते सकाळीच माहीत होतं.

लक्ष्मीपूजनाला पुन्हा तसंच. १ नोव्हेंबरची संध्याकाळ, पाट मांडला, लाह्या-बत्तासे आले, झेंडू आले, वही-पेन ठेवलं आणि आजींनी विचारलं, "केरसुणी कुठंय?" नवी केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजतात, तिच्याशिवाय पूजा व्हायची नाही. यजमान धावत गेले आणि घेऊन आले, पण आजींचा मूड गेला तो गेला. वहिनी नंतर मला म्हणाल्या, "मला दुपारी दोनलाच आठवलं होतं. मी बोलले नाही. ठरलंच होतं ना. बरोबर केलं का मी?"

यावर माझं मत स्पष्ट आहे. दुपारी दोनपासून संध्याकाळपर्यंत केरसुणी त्यांच्याच डोक्यात होती. ओझं उतरलं नव्हतं, त्यात परीक्षा घेण्याची भर पडली होती. अशा वेळी एकदा सरळ सांगावं, 'केरसुणी राहिलीय बरं का,' आणि मग खरोखर सोडून द्यावं. पुन्हा विचारायचं नाही, आणलीस का म्हणून पिशवीत बघायचं नाही. वाटणी नवी असते तेव्हा एका वाक्याची आठवण देणं हा पराभव नाही. यजमानांनीही नंतर फ्रिजवर स्वतःची यादी लावली, स्वतःच्या अक्षरात. मला हा बदल केरसुणीपेक्षा मोठा वाटतो.

३० तारखेचा भाकड दिवस मात्र जमला. सकाळी अकरापर्यंत सगळे कंटाळले. मुलगा तीनदा विचारून गेला, "आज खरंच काही नाही का?" मग पाचही जण गाडीतून पांडवलेण्याला गेले. आजी खाली बाकावर बसल्या, बाकीचे पायऱ्या चढून गेले. दुपारी घरी येऊन खिचडी खाऊन झोपले. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे दिवाळीत दिवसा झोपल्याचं त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच आठवतं.

मावशींची दिवाळी

या प्रकरणातला एक भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साफसफाई यजमानांकडे गेली तेव्हा त्यांचा पहिला उपाय होता, "मावशींना जादा पैसे देऊन सांगू." धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी सिडकोत राहतात. वहिनींनी त्यांना आधी विचारलं की या आठवड्यात आणखी कुणी कुणी सांगितलंय. त्या काम करत असलेल्या पाचही घरांनी त्याच आठवड्यात माळे, जाळ्या, खिडक्या सांगितल्या होत्या. नको म्हटलं तर काम जाईल ही भीती, म्हणून त्यांनी सगळ्यांना हो म्हटलं होतं. त्यांच्या घरचा फराळ त्या रात्री अकरानंतर करणार होत्या.

एका घराची दिवाळी सावकाश व्हावी म्हणून दुसऱ्या बाईची दिवाळी आणखी धावपळीची होत असेल, तर मी त्याला सजगता म्हणणार नाही. घरात पुन्हा बोलणं झालं. माळा आणि खिडक्या दिवाळीनंतर करायच्या ठरल्या. स्वयंपाकघर आणि हॉल यजमान आणि मुलाने मिळून पुसला. ट्यूबवरची जाळी राहिली, ती भाऊबीजेपर्यंत तशीच होती. मावशींना बोनस म्हणून एक महिन्याचा पगार वसुबारसेलाच दिला, कारण भाऊबीजेला मिळालेल्या पैशांचा दिवाळीच्या खरेदीला उपयोग नसतो. १ ते ३ नोव्हेंबर भरपगारी सुट्टी. त्या तीन दिवसांची भांडी बापलेकांनी घासली.

पुढे काय झालं

नोव्हेंबरच्या मध्यावर वहिनी पुन्हा भेटल्या. झोप सुधारली होती, पहाटेची जाग कमी झाली होती. डोकं दुखायचं थांबलं नव्हतं, पण रोज दुखत नव्हतं. बोनसचं कामही तोवर संपलं होतं, त्यामुळे श्रेय सगळं या बदलांना देता येणार नाही. पाडव्याला नेहरू चौकातल्या पिंपळपारावरच्या पहाट मैफलीला नवरा-बायको दोघंच गेले आणि वहिनींनी तिथे फोन पर्समधून काढला नाही. मुलीशी त्या शनिवारबद्दल त्या बोलल्या. मुलीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की क्लासला आणायला येणार असशील तर गाडीत बसल्यावर पहिली दहा मिनिटं कामाचं काही विचारू नकोस. तो नियम बोर्डाच्या परीक्षेपर्यंत पाळला गेला.

जे सुटलं नाही तेही सांगायला हवं. भाऊबीजेचं जेवण त्या वर्षी बागेवरच झालं. जाऊ सकाळी मजुरांचं बघून आली आणि मग चौदा माणसांचा स्वयंपाक तिने केला. वहिनी मदतीला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना जाणवलं की आपली यादी हलकी झाली, हिची कुणी लिहूनच घेतली नाही. छाटणीच्या दिवसांत दोन्ही भाऊ बागेत असतात आणि घर, मजूर, पाहुणे हे सगळं जावेच्या डोक्यात. त्यांनी ते तिथेच यजमानांना बोलून दाखवलं. दिरांना ते आवडलं नाही.

२०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले. त्याआधीच्या रविवारी दोन्ही भावांची घरं नाशिकला जमली आणि सणांची यादी दोन्ही घरांची मिळून झाली. दीर फार बोलले नाहीत. पण भाऊबीजेचं जेवण बागेवरून नाशिकला हलवायचं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा आणि जावेने काहीही आणायचं नाही, हे त्यांनी मान्य केलं. मजुरांच्या जेवणाचं काय, हा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. त्यावर पुढच्या वेळी बोलायचं ठरलं आहे, आणि तो मुद्दा यादीत दिरांच्या नावापुढे लिहिला आहे.